वॉर्डात ‘शांत’ म्हणायचं नाही

रिटायर झाल्यावर काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, सिस्टर लोकांची खुशी मोजते. समोरचा माणूस माझ्याकडे जरा काळजीनं बघतो आणि विषय बदलतो. माझ्या धाकट्या जावेनं तर मुरबाडच्या बाजारात चारचौघींना सांगून ठेवलं की आमच्या जाऊबाई आता गावोगाव फिरून दुसऱ्यांची सुखदुःखं विचारतात आणि वर त्याचा पगार घेतात. मला राग आला, पण खोटं म्हणायचीही सोय नव्हती.

काम खरंच तेच आहे. सगळी नोकरी मी एका धर्मादाय संस्थेत नर्स म्हणून केली, शेवटची वर्षं मेट्रन होते. संस्थेचे आमच्या भागात दोन दवाखाने आहेत. एक शहापूर तालुक्यात, आटगाव स्टेशनाजवळ. दुसरा मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना टोकावड्याच्या बाजूला, रस्त्याला लागून. मधल्या काळात दोन्हीकडच्या नर्सेस नोकरी सोडून जायला लागल्या. मग ठाण्याच्या ऑफिसात कुणाला तरी सुचलं की बाई राजीनामा देते तेव्हा ‘का गं बाई’ म्हणण्यापेक्षा आधीच विचारावं. आणि विचारायला नर्सच पाठवावी, म्हणजे नर्सेस खरं बोलतील. शेवटची कल्पना ज्याची असेल तो आयुष्यात कधी वॉर्डात उभा राहिलेला नाही, एवढं मी पैजेवर सांगते.

बाहेरच्यांसाठी सांगते, खुशी मोजतात कशी. तापाला थर्मामीटर असतो, रक्तदाबाला पट्टा असतो. खुशीला एक कागद असतो. त्यावर वाक्यं छापलेली: ‘सकाळी कामावर यायला मला उत्साह वाटतो’, ‘माझे सहकारी मला सांभाळून घेतात’, ‘माझी ड्युटी बहुधा सुरळीत पार पडते’. प्रत्येक वाक्यापुढे पाच तोंडं काढलेली, ढसाढसा रडणाऱ्यापासून दात काढून हसणाऱ्यापर्यंत. आपल्याला लागू पडेल त्या तोंडावर खूण करायची. रडक्याला एक गुण, हसऱ्याला पाच. बेरीज झाली की ऑफिसात त्याचा रंगीत तक्ता होतो. हिरवा म्हणजे खुशाल, लाल म्हणजे बघायला हवं.

आता घोळ कुठे झाला ते सांगायचं तर आमच्या धंद्याचा एक नियम सांगायला लागेल. नर्स वॉर्डात असताना ‘आज शांत आहे’ असं म्हणत नाही. ‘आज बरं चाललंय’, ‘आज निवांत’, हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काढले की दहा मिनिटांत दारात जखमींनी भरलेला टेम्पो उभा राहतो. कुणी म्हणेल अंधश्रद्धा. मीही विज्ञान शिकलेली बाई आहे, ट्रेनिंगला जंतूंवर पहिला नंबर काढला होता. तरी सगळ्या नोकरीत मी तो शब्द वॉर्डात एकदाही उच्चारला नाही. उगाच कशाला?

टोकावड्याच्या दवाखान्यात हा नियम सगळ्यांत कडक पाळायची ती मंदा. वैशाखऱ्याची, शेतकरी घरातली. सासू, दोन शाळेतली पोरं, दोन म्हशी आणि भाताची खाचरं सांभाळून ड्युटीला यायची. कुणालाही न सापडणारी शीर तिला सापडायची आणि सुई टोचताना ती पेशंटला म्हशीच्या गोष्टी सांगायची. गोष्ट संपेपर्यंत सलाइन लागलेलं असायचं. नवी नवी असताना ही मंदा एकदा वॉर्डात म्हणून गेली होती, ‘आज कसं निवांत हाय.’ त्याच दुपारी दवाखान्यापुढे कोंबड्यांचा टेम्पो कलंडला. ड्रायव्हरला खरचटलंसुद्धा नाही. पण मोकळ्या सुटलेल्या कोंबड्या धरायला आजूबाजूचं झाडून सगळं गाव धावलं, आणि पडून, आपटून, एकमेकांच्या अंगावर उड्या घेऊन ते सगळं गाव आमच्या ड्रेसिंग रूममध्ये आलं. एकाच्या हाताला टाके घालताना दुसऱ्या हातातली कोंबडी तो सोडायला तयार नव्हता. तेव्हापासून मंदानं कानाला खडा लावला.

तर अशा बाईच्या हातात मी तोंडांचा कागद दिला. वॉर्डात, टेबलाशी बसवून. तिनं वाक्यं वाचली, इकडेतिकडे बघितलं आणि सगळीकडे रडक्या तोंडावर खूण करून मोकळी झाली.

“मंदा, अगं खरं लिहायचंय,” मी म्हटलं.

“खरंच लिवलंय ना बाई. मेलो आमी इथं. जीव नकोसा झालाय,” असं म्हणून ती हसत हसत इंजेक्शनं द्यायला निघून गेली.

इन्चार्ज लता सिस्टर तशी समंजस, तिनं दोनचार ठिकाणी जरा कमी रडकी तोंडं निवडली. बाकीच्यांनी मंदाचं बघून लिहिलं. आणि हे सगळं चालू असताना आतल्या खोलीत कुणाच्या तरी डोहाळजेवणाचे उरलेले लाडू फिरत होते, ताराबाई मावशी, म्हणजे तिथली आया, डॉक्टरांच्या चालण्याची नक्कल करत होत्या आणि ती बघून पेशंटसुद्धा टाके सांभाळत हसत होते. माझ्या सगळ्या नोकरीत मी इतकी जमलेली टीम बघितली नाही. कागदावर मात्र सुतक.

आटगावला बरोबर उलटं. तिथल्या इन्चार्ज शेलार सिस्टर म्हणजे हाताखालच्यांना धाकात ठेवणारी बाई. त्या म्हणाल्या, “कागद ठेवून जा, उद्या न्या.” दुसऱ्या दिवशी गठ्ठा मिळाला, सगळी तोंडं दात काढून हसणारी. माझा विश्वास बसेना. हेवाही वाटला, कारण टोकावड्याची टीम मी बांधलेली होती.

तक्ता ठाण्याला गेला. आटगाव हिरवंगार, टोकावडे लालभडक. आणि ऑफिसच्या लोकांनी चांगल्या मनानं, हे मी मुद्दाम लिहिते, अगदी चांगल्या मनानं ठरवलं की सगळ्यांत दुःखी नर्सला सगळ्यांत सुखी दवाखान्यात पाठवायचं. म्हणजे मंदाची बदली आटगावला.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांनी नकाशा बघावा. वैशाखऱ्याहून मुरबाडकडची एसटी, सरळगावला उतरायचं, किन्हवलीवरून शहापूर गाठायचं, तिथून आटगाव. जाऊन येऊन दिवस रस्त्यातच सरायचा. म्हशींना काय सांगायचं आणि पोरांना कोण उठवायचं? बदली झाली असती तर मंदानं नोकरी सोडली असती. नर्सेस सोडून जाऊ नयेत म्हणून काढलेल्या मोजणीतून आमची सगळ्यांत चांगली नर्स जाणार होती, आणि मोजणारी मी. मला दोन रात्री नीट झोप लागली नाही.

ऑफिसात माझे साहेब होते पेठे नावाचे. वयानं माझ्यापेक्षा बरेच लहान, बोलायला गोड, शर्टाला इस्त्री अशी की बसताना त्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. मी त्यांना फोनवर सगळा नियम समजावून सांगितला.

“म्हणजे त्या आनंदी आहेत म्हणून त्यांनी दुःखी लिहिलं?” पेठेसाहेब म्हणाले.

“हो.”

“आणि सगळ्यांत दुःखी लिहिलंय ती सगळ्यांत आनंदी?”

“बरोबर.”

“बाई, हे मी वरिष्ठांना कोणत्या तोंडानं सांगू?”

माझ्याकडे पाच तोंडं होती, पण त्यातलं एकही या कामाचं नव्हतं. शेवटी साहेब म्हणाले, उद्या मी स्वतः येतो, पुन्हा मोजू. ऑर्डरवर उद्याच संध्याकाळी सही होणार आहे, तोवर नवे आकडे मिळाले तर बघू.

लग्नसराईचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब गाडीनं आले. मी त्यांना फाटकातच गाठून बजावलं की आत काहीही बोला, हवापाण्यावर बोला, पण तो शब्द काढू नका. ते हसले. वॉर्डात शिरले. पाखरू फिरकत नव्हतं, सगळ्या खाटा नीट लावलेल्या, मंदा एका आजीची वेणी घालत होती. साहेबांनी प्रसन्न होऊन हात पसरले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “वा! किती शांत आहे हो इथं!”

लताच्या हातातला ट्रे खाली पडला. मंदानं वेणी अर्धी सोडली आणि हातमोजे घालायला घेतले. ताराबाई मावशी साहेबांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

“काय केलंत हे? चांगले शिकलेले दिसता!”

“अहो मावशी, मी कौतुक केलं.”

“कौतुक करायचा होता तर घरी करायचा ना!”

साहेब माझ्याकडे बघून हसले. मीही हसले, पण पदर खोचला. कारण रस्त्यावरून बँडचा आवाज येत होता, तोही बेसूर.

झालं होतं असं. घाटाकडे निघालेलं एक वऱ्हाड वैशाखऱ्याच्या पुढे झाडाखाली चहाला थांबलं होतं. नवरदेवाच्या मित्रांना हौस, त्यांनी तिथेच बँड लावला आणि फटाक्यांची माळ सोडली. वर आग्या मोहोळ होतं. तिथून सगळं वऱ्हाड, बँडवाल्यांसकट, जे वाहन मिळेल त्यात बसून आमच्या दारात. बायका डोक्यावरून शालू घेऊन, पुरुष फेटे झटकत. एक बँडवाला तर डोकं ढोलात घालून आला होता आणि ते आता बाहेर निघत नव्हतं.

पुढचा सगळा वेळ कुणी कुणाला काही विचारलं नाही. डॉक्टर आणि लता एका म्हाताऱ्या मामांकडे धावले, त्यांना दम लागला होता. ऑक्सिजन, इंजेक्शन, आणि थोड्या वेळात मामा विडी मागायला लागले तेव्हा सगळ्यांचा जीव खाली आला. मंदा वऱ्हाडाची रांग लावून एकेकाचे काटे काढत होती. मी काटे काढलेल्यांना बर्फ देत होते. मावशींनी ढोलवाल्याला तेल लावून सोडवला. आणि पेठेसाहेब फेटे सांभाळत होते, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं. त्यातल्या एका फेट्यात एक माशी शिल्लक होती. ती साहेबांच्या कानाला डसली.

नवरदेवाचं तोंड तर भोपळ्याएवढं झालेलं. मुंडावळ्या कपाळावर रुतलेल्या, दोन्ही डोळे बंद. त्याची आई रडत होती, मुहूर्त टळतोय, आता अंतरपाट धरायचा तरी कसा? ताराबाई म्हणाल्या, “अंतरपाट कशाला पायजे गो बाय? त्याला तसाबी काय दिसत नाय.” यावर नवरदेवच पहिल्यांदा हसला, आणि हसल्यानं दुखलं म्हणून ओरडला. दुपारी मामांना तेवढं खाटेवर ठेवून बाकीचं सगळं वऱ्हाड सुजल्या तोंडानं, पण वाजत गाजत लग्नाला गेलं.

सगळं आवरल्यावर मावशींनी साहेबांना खुर्चीत बसवलं आणि मीठमिरच्यांनी त्यांची दृष्ट काढली. साहेब कानाला बर्फ धरून मुकाट बसले होते. मला वाटतं, तेव्हाच त्यांचं मत बदललं. कारण नंतर त्यांनी माझ्याकडे वाकून अगदी हळू आवाजात विचारलं, “पण बाई, मग आटगावच्या नर्सेस कशा हसऱ्या तोंडावर खूण करतात? त्यांना भीती नाही?”

प्रश्न बिनतोड होता. मला तो सुचायला हवा होता. मी तिथल्या तिथे शेलार सिस्टरना फोन लावला.

“भीती नाही कशी? आम्ही काय खुळ्या आहोत?” त्या म्हणाल्या. “ड्युटी संपल्यावर आमच्या पोरी स्टेशनवर बाकड्यावर बसून कागद भरतात. दवाखान्याच्या हद्दीत कोण असलं लिहील?”

हद्द! मी फोन ठेवला आणि साहेबांना हाताला धरून फाटकाबाहेर, रस्ता ओलांडून समोरच्या ढाब्यावर नेऊन बसवलं. मग एकेकीला बोलावलं.

लता आली, फाटक ओलांडेपर्यंत तोंड पाडून होती. ढाब्यावर टेकली आणि म्हणाली, “सर, मला इतकं आवडतं ना इथं! सुट्टीच्या दिवशी घरी करमत नाही.” धडाधड पाच पाच पाच. उठली, रस्ता ओलांडला आणि पुन्हा मयताला निघाल्यासारखं तोंड करून आत गेली. दुसरी आली, ती सांगताना रडलीच, की नवऱ्याच्या आजारपणात या सगळ्यांनी माझ्या ड्युट्या केल्या, मी या बायकांना विसरणार नाही. मग डोळे पुसून, “मेलं मरण आहे आमचं,” असं फाटकातून मोठ्यानं म्हणत आत. कागद द्यायचा नव्हता तरी ताराबाईही येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “माझा बी लिवा. सगली हसरी.” ढाबेवाला भजी तळायची थांबवून हे बघत होता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, बाई, आत काही गॅसबिस गळतोय का?

शेवटी मंदा. तिच्याच कागदावर सगळं अडलेलं. ती आली, पण बसली नाही.

“बस ना. बोल. आता बाहेर आहोत आपण,” मी म्हटलं.

“बाहेर कुठं? ती बघा दवाखान्याची टाकी दिसतेय. वारा बी तिकडंच चाललाय.”

“मंदाताई, सही संध्याकाळी होणार आहे,” साहेब कान धरून काकुळतीनं म्हणाले. “तुम्ही एक वाक्य बोला. मी तुमची बदली थांबवायचा प्रयत्न करतो.”

“नाय बोलणार सर. आता मामा उठून बसलेत. माझ्या बोलण्यानं कोणाला काय झालं तर?”

“मग आटगावला जायला लागेल हो तुम्हाला!”

मंदानं पदरानं तोंड पुसलं. तिचे डोळे भरले होते. पोरांची नावं तिनं घेतली नाहीत, म्हशींचीही नाही. टाकीकडे पाठ केली आणि एकदम शांतपणे म्हणाली:

“पाठवा. जाईन मी. आनि गेल्या गेल्या तिथल्या वॉर्डात मधोमध उभी राहून बोलंन, आज कसा शांत शांत हाय. सकाळी बोलंन, दुपारी बोलंन. निवांत हाय बोलंन. आज कोण येनार नाय असं बी बोलंन. रोज बोलंन सर. मग बघा तुमचा हिरवा दवाखाना.”

पेठेसाहेबांचा हात आपोआप सुजलेल्या कानाकडे गेला. ते माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. आधी मला हसू फुटलं. मग मी फोन काढला आणि शेलार सिस्टरना मंदाचा निरोप शब्दाला शब्द कळवला.

शेलार सिस्टर म्हणाल्या, “साहेबांना म्हणावं, बसल्या जागेवरून उठू नका. मी ठाण्याला बोलते.” त्या काय बोलल्या ते मला आजतागायत कळलेलं नाही. एवढंच कळलं की सहीच्या आधी ऑर्डर रद्द झाली, आणि आटगावच्या सगळ्या नर्सेसनी मिळून लिहून दिलं की आमच्याकडे माणूस कमी असलं तरी चालेल, पण ती बाई नको.

मंदाला हे सांगितलं तेव्हा ती वॉर्डात होती. तिनं हातातली बाटली नीट स्टँडला लावली, नळी तपासली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, “झाला. आता जलमभर इथंच सडायचा.” तिचे खांदे हलत होते. मावशींनी जाऊन तिला मिठी मारली आणि दोघी मिळून नशिबाला शिव्या देत राहिल्या.

खुशी मोजायचं काम मी अजून करते, फक्त आता कागद फाटकाबाहेर भरून घेते. मंदाला मी मधूनमधून फोन करते. काय गं, कसं काय, म्हटलं की ती वॉर्डात असेल तर कण्हते आणि घरी असेल तर म्हशीचं कौतुक सांगते. ती फार सुखात आहे. त्या दवाखान्यातल्या सगळ्याच फार सुखात आहेत, आणि तिथं हल्ली अगदी शांत असतं. हे मी घरात बसून लिहिलंय, तुम्हीही घरातच वाचा. हा अंक वॉर्डात नेणारच असाल तर हे पान टाचणीनं बंद करून न्या.